व्हीएमवेअरमधली जुनी मशिन्स केव्हीएममध्ये न्यायची आहेत. डिस्क बदलली की झालं का?

रानपाखरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा रोजचा संगणक विंडोजवरून पूर्णपणे लिनक्सवर जातोय. त्यावर व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये तीन व्हर्च्युअल मशिन्स (संगणकाच्या आत चालणारे संगणक) आहेत आणि तिन्ही मला जशीच्या तशी हवी आहेत:

१. विंडोज १०, युईएफआयवर (बायॉसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर). यात हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि बऱ्याच वर्षांचा डेटा आहे.
२. उबुंटू सर्व्हर. स्थिर आयपी दिलेला आहे.
३. विंडोज एक्सपी. एका जुन्या मोजणी यंत्राचा प्रोग्रॅम फक्त यातच चालतो. त्याचा इन्स्टॉलर आता कुठेही मिळत नाही.

नवीन ठिकाणी केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशिन्स चालवायची सोय) आणि व्हर्ट-मॅनेजर (ती हाताळायचा प्रोग्रॅम) वापरायचं ठरवलंय. क्यूएमू-आयएमजी नावाचं साधन व्हीएमडीकेची (व्हीएमवेअरची डिस्क फाइल) क्यूकाऊ२ (केव्हीएमची डिस्क फाइल) करून देतं असं वाचलं. एवढ्यानं भागतं का? की ओव्हीए (सगळं मशीन एका फाइलीत) करून नेणं बरं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. तिसऱ्या मशीनची मला सगळ्यात जास्त काळजी आहे.

बारावाटा

मुळात हलवायचं कशाला? वर्कस्टेशन लिनक्सवरही चालतं. मे २०२४ पासून ते वैयक्तिक वापराला फुकट आहे आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून व्यावसायिक वापरालाही. फोल्डर उचला, नव्या संगणकावर ठेवा, उघडा. पहिल्यांदा चालू करताना ‘मूव्ह केलं की कॉपी केलं’ असं विचारतं, तिथे ‘मूव्ह’ म्हणा. मग मशीनची ओळख आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) जुनाच राहतो. ‘कॉपी’ म्हटलंत तर दोन्ही बदलतात आणि विंडोजचं ॲक्टिव्हेशन रुसू शकतं.

रानपाखरू

@बारावाटा, तोही विचार केला होता. पण लिनक्सवर वर्कस्टेशनला स्वतःची दोन कर्नल मोड्यूल्स लागतात, व्हीएममॉन आणि व्हीएमनेट. कर्नल अपडेट झालं की ती पुन्हा बांधावी लागतात आणि नव्या कर्नलशी नेहमी जुळतातच असं नाही. केव्हीएम कर्नलमध्येच आहे, २००७ पासून. ती कटकट मला कायमची संपवायची आहे. ‘मूव्ह’चा मुद्दा मात्र लिहून ठेवला.

अर्धविराम

डिस्कचा फॉरमॅट बदलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. एक कमांड दिली की झालं. अडतं ते त्या डिस्कभोवती जे मशीन होतं त्यापाशी. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला एक ठरावीक डिस्क कंट्रोलर, ठरावीक फर्मवेअर आणि ठरावीक नेटवर्क कार्ड दिसत होतं. नव्या घरात ते सगळं बदलतं, आणि ही माहिती डिस्कच्या फाइलमध्ये नसते.

म्हणून आधी व्हीएमएक्स फाइल (मशीनचं वर्णन असलेली) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. साधी मजकुराची फाइल आहे, घाबरायचं कारण नाही. त्यात या गोष्टी बघा आणि कागदावर उतरवा:

‘फर्मवेअर’ची ओळ आहे का? तिथे ‘ईएफआय’ असेल तर युईएफआय. ओळच नसेल तर बायॉस.
डिस्क कशाला जोडलीय? आयडीई, स्कझी, साटा की एनव्हीएमई? स्कझी असेल तर ‘व्हर्च्युअलडेव्ह’च्या ओळीत कंट्रोलरचं नाव असतं, उदाहरणार्थ एलएसआय लॉजिक.
नेटवर्क कार्ड कुठलं आणि त्याचा मॅक ॲड्रेस काय?
‘युयुआयडी.बायॉस’ची ओळ. जुनी सॉफ्टवेअर्स कधीकधी परवान्यासाठी मशीनचा हाच क्रमांक बघतात.

नव्या मशीनमध्ये फर्मवेअर चुकलं तर डिस्क शाबूत असूनही काहीच सुरू होणार नाही, आणि माणसाला वाटतं की कन्व्हर्जनच बिघडलं. एक खबरदारी: व्हर्ट-मॅनेजरमध्ये बायॉस की युईएफआय हे मशीन बनवतानाच निवडायचं, नंतर ते बदलू देत नाही. शेवटच्या पायरीवर ‘इन्स्टॉल करण्याआधी कॉन्फिगरेशन बदला’ अशी एक चौकट असते, तिथे टिक करायला विसरू नका.

मधलीओळ

वाचनखूण साठवली. @अर्धविराम, प्रतिसादाबद्दल धन्यवाद.

शून्यएक

मला हा सगळा खटाटोप पटत नाही. विंडोज १० आणि उबुंटू नव्यानं इन्स्टॉल करा, डेटा कॉपी करा. दुपारभरात काम संपतं आणि मशीन स्वच्छ मिळतं. जुन्या मशीनबरोबर जुना कचराही येतो.

अर्धविराम

@शून्यएक, डेटा वेगळा आणि सॉफ्टवेअर सुटसुटीत असेल तर मान्य. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये परवाना, रिपोर्टचे साचे, बॅकअपच्या वाटा अशा दहा ठिकाणी विखुरलेल्या गोष्टी असतात. आणि एक्सपीचं काय करणार? इन्स्टॉलरच नाहीये.

शून्यएक

एक्सपीबद्दल सहमत. उबुंटूबद्दल माझं मत कायम आहे :)

गवतफुला

ओव्हीएबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ओव्हीएफ हे डीएमटीएफ संस्थेचं मानक आहे. ओव्हीए म्हणजे तेच सगळं एका टार फाइलमध्ये बांधलेलं: एक एक्सएमएल वर्णन, डिस्क, आणि बरोबर हॅश (फाइल बदललीय का ते दाखवणारा आकडा) असलेली मॅनिफेस्ट फाइल. कागदावर हा मार्ग सगळ्यात योग्य आहे. प्रत्यक्षात एका प्रोग्रॅमचं वर्णन दुसऱ्याला पूर्ण समजतंच असं नाही.

व्हर्च्युअलबॉक्समधून काढलेली ओव्हीए व्हीएमवेअरमध्ये घेताना ‘मानकाच्या तपासणीत नापास’ असा निरोप हमखास दिसतो. तिथे ‘रीट्राय’ दाबलं की तपासणी सैल होते आणि बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर ओव्हीए उलगडून ओव्हीएफ फाइल उघडायची. मशीनच्या प्रकारात ‘व्हर्च्युअलबॉक्स-२.२’ लिहिलेलं असतं, तिथे ‘व्हीएमएक्स-०७’ करायचं. आता इथेच पुढची मेख आहे. फाइलला हात लावला की तिचा हॅश बदलतो आणि मॅनिफेस्ट जुळत नाही. मग आयात करणारा प्रोग्रॅम म्हणतो फाइल खराब आहे. फाइल काही खराब नसते. मॅनिफेस्ट काढून टाका किंवा नवा हॅश लिहा.

शिवाय ओव्हीएमध्ये स्नॅपशॉटची (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या स्थितींची) साखळी जात नाही, फक्त आत्ताची स्थिती जाते. ज्यांना जुने स्नॅपशॉट महत्त्वाचे आहेत त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

पाचवादिवा

स्नॅपशॉटचा विषय निघालाच आहे तर: रानपाखरू, फोल्डरमध्ये शेवटी ०००००१ असे आकडे असलेल्या व्हीएमडीके दिसतायत का? दिसत असतील तर मूळ फाइल म्हणजे जुनी स्थिती आणि त्यानंतरचे सगळे बदल या आकडेवाल्या फाइलींत. नुसती मूळ फाइल बदलून नेली तर मशीन सुरू होईल, छान चालेल, आणि हिशेब मात्र कित्येक महिन्यांपूर्वीचे असतील. आधी वर्कस्टेशनमध्येच सगळे स्नॅपशॉट डिलीट करा. ‘डिलीट’ शब्दाला बिचकू नका, त्यात बदल मूळ डिस्कमध्ये विलीन होतात.

तसंच शेवटी एस००१, एस००२ असे तुकडे असतील तर ती एकच डिस्क फोडून ठेवलेली आहे. त्यांच्याबरोबर काही शे बाइटची एक छोटी व्हीएमडीके असते. ती वर्णनाची फाइल. क्यूएमू-आयएमजीला तीच द्यायची, तुकडे तो स्वतः शोधतो.

रानपाखरू

@पाचवादिवा, दोन्ही आहेत! विंडोज १० मध्ये स्नॅपशॉट आहे आणि उबुंटूची डिस्क तुकड्यांत आहे. वेळेवर सांगितलंत, मनापासून आभार. स्नॅपशॉट विलीन करायला आत्ता लावलंय.

नाकासमोर

तुमच्यासाठी आणि बाकी वाचणाऱ्यांसाठीही: मशीन सस्पेंड अवस्थेत कधीही नेऊ नका. जतन केलेली मेमरी दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येत नाही. आत जाऊन रीतसर शटडाउन करा. विंडोज असेल तर फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर शटडाउन म्हणजे खरं तर अर्धी झोप असते.

काळीपांढरी

आता विंडोज १० कडे वळू, कारण निळा पडदा तिथेच येतो. कोड ०एक्स७बी, म्हणजे ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क नीट आहे, विंडोज नीट आहे, पण नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलायचा असतो हे त्या विंडोजला ठाऊक नाही.

उपाय जुन्या जागी, मशीन चालू असतानाच करून ठेवायचा:

वर्कस्टेशनमध्ये त्याच मशीनला १ जीबीची एक रिकामी साटा डिस्क जोडा आणि एकदा चालू करा. विंडोज साटाचा ड्रायव्हर कामाला लावतं. बंद करा. मग केव्हीएममध्ये मूळ डिस्क साटावर जोडून सुरू करा. इथपर्यंत वेग कमी असेल, असू दे.

मशीन उठलं की पुन्हा तीच युक्ती. एक छोटी रिकामी डिस्क, यावेळी व्हर्टआयओवर (केव्हीएमचा वेगवान व्हर्च्युअल कंट्रोलर). व्हर्टआयओ-विनची आयएसओ लावून ड्रायव्हर बसवा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती छोटी डिस्क नीट दिसतेय याची खात्री करा. मग शटडाउन, मूळ डिस्क साटावरून व्हर्टआयओवर, छोटी काढून टाका. वेगातला फरक लगेच जाणवतो.

तरीही निळा पडदा आलाच तर मूळ डिस्क परत साटावर न्या, विंडोजमध्ये बीसीडीएडिटनं (बूटची सेटिंग बदलायचं साधन) पुढचं बूट सेफ मोडमध्ये ठरवा, मग व्हर्टआयओवर आणा. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे ड्रायव्हर नव्यानं शोधतं. एकदा सेफ मोडमध्ये उठलं की ती नोंद काढा आणि नेहमीसारखं सुरू करा.

तळटीप

@काळीपांढरी, पद्धत उत्तम, पण व्हर्ट-व्ही२व्ही असताना हाताने का करायचं? ते व्हीएमएक्स किंवा ओव्हीए थेट वाचतं, विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर आणि रजिस्ट्रीच्या नोंदी स्वतः घालतं, आणि केव्हीएमसाठी तयार मशीन हातात देतं. याच कामासाठी तर ते बनवलंय.

काळीपांढरी

@तळटीप, ते चांगलंच आहे, नाही कुठे म्हटलं? माझा आग्रह वेगळा आहे. हाताने केलं की कुठल्या पायरीवर अडलं ते समजतं. आणि व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्हीकडे (मायक्रोसॉफ्टचा असाच प्रोग्रॅम) जाणाऱ्यांनाही हीच पद्धत उपयोगी पडते, तिथे व्ही२व्ही कामाचं नाही.

तळटीप

हे मान्य. मग धाग्यात दोन्ही राहू देत.

पाचवादिवा

व्हीएमवेअर टूल्स निघण्याआधीच काढा. दुसरीकडे गेल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर ‘हे व्हीएमवेअरचं मशीन नाही’ म्हणून नकार देतो आणि मग रजिस्ट्रीत हात घालत बसावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट ॲडिशन्सही आधीच काढलेल्या बऱ्या.

उंबरठा

थोडं वेगळं विचारते, चालेल ना? माझं विंडोज ११ चं मशीन आहे, व्हर्च्युअल टीपीएमसह (किल्ल्या जपणारी चिप), आणि आत बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे. मलाही दुसरीकडे जायचंय.

अर्धविराम

@उंबरठा, चालेल की, याच विषयातलं आहे. बिटलॉकरची किल्ली त्या व्हर्च्युअल टीपीएममध्ये आहे आणि टीपीएम डिस्कबरोबर येत नाही. घर बदलताना कपाट नेलं आणि चावी जुन्या घराच्या खुंटीवरच राहिली, तसं होतं. त्यामुळे आधी रिकव्हरी की मशीनच्या बाहेर लिहून ठेवा, मग बिटलॉकर सस्पेंड करा किंवा सरळ डिक्रिप्ट करा. डिक्रिप्ट करायला वेळ लागतो, पण मी तेच सुचवेन. नव्या ठिकाणी टीपीएम जोडून पुन्हा चालू करा. व्हर्च्युअलबॉक्सला टीपीएमची सोय ७.० पासून आहे, त्याआधीची आवृत्ती असेल तर अपडेट करा.

आणखी एक. व्हीएमवेअरमध्ये टीपीएम असलेलं मशीन एन्क्रिप्ट केलेलं असतं. त्यात डिस्कही एन्क्रिप्ट झालेली असेल तर टीपीएम आणि एन्क्रिप्शन काढल्याशिवाय ती बाहेरच्या साधनाला वाचता येणार नाही.

हिरवाकंदील

हायपर-व्हीकडे जाणाऱ्यांसाठी माझी भर. क्यूएमू-आयएमजीनं विंडोजवर व्हीएचडीएक्स (हायपर-व्हीची डिस्क फाइल) बनवली, हायपर-व्हीला दिली, तर तो म्हणाला: डिस्कची फाइल कॉम्प्रेस्ड, एन्क्रिप्टेड किंवा स्पार्स असता कामा नये. फाइल तर साधीच दिसत होती. झालं होतं असं की बनवताना तिला एनटीएफएसचा ‘स्पार्स’ झेंडा लागला होता. एफएसयुटिलच्या ‘स्पार्स सेटफ्लॅग’नं तो शून्य केला आणि मशीन सुरू झालं.

दुसरं, जनरेशन १ म्हणजे बायॉस आणि आयडीईवरून बूट, जनरेशन २ म्हणजे युईएफआय आणि स्कझीवरून बूट. हेही नंतर बदलत नाही. आणि व्हीएचडी निवडू नका, व्हीएचडीएक्स घ्या. व्हीएचडीची मर्यादा २ टीबीच्या आसपास आहे, व्हीएचडीएक्सची ६४ टीबी.

जुनीवही

अवांतर: व्हीएचडी हा फॉरमॅट मायक्रोसॉफ्टचा मूळचा नाही. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीच्या व्हर्च्युअल पीसीमधून तो आला. २००३ साली मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. आजही कुठलीही व्हीएचडी हेक्स एडिटरमध्ये उघडा, शेवटच्या ५१२ बाइटच्या नोंदीची सुरुवात त्या कंपनीच्या नावानं होते. आणि म्हणूनच क्यूएमू-आयएमजीमध्ये व्हीएचडी हवी असेल तर फॉरमॅटचं नाव ‘व्हीपीसी’ असं द्यावं लागतं. हे शोधायला अनेकांचा वेळ जातो.

मधलीओळ

@जुनीवही, अवांतर असलं तरी कामाचं! मी ‘व्हीएचडी’ लिहून बघत होते आणि तो अनोळखी फॉरमॅट म्हणत होता.

बारावाटा

व्हर्च्युअलबॉक्सकडे जाणाऱ्यांनी कन्व्हर्जन करायचीही गरज नाही. तो व्हीएमडीके आणि व्हीएचडी थेट वाचतो. नवीन मशीन बनवा, ‘अस्तित्वातली डिस्क वापरा’ म्हणा, संपलं.

गवतफुला

@बारावाटा, संपत नाही हो. व्हीएमडीके जोडता येते, पण तिचा आकार व्हर्च्युअलबॉक्समध्ये वाढवता येत नाही, त्यासाठी व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची डिस्क फाइल) किंवा व्हीएचडी लागते. कायम तिथेच राहायचं असेल तर व्हीबॉक्समॅनेजच्या क्लोनमीडियमनं एकदाच व्हीडीआय करून घ्यावी. मूळ फाइलही तशीच सुरक्षित राहते, हा दुसरा फायदा. चालणारी एकुलती एक डिस्क नव्या प्रोग्रॅमला लिहायला देणं मला कधीच पटलं नाही.

बारावाटा

आधी कॉपी करून मगच जोडा, हे लिहायचं राहिलं. आकाराचं मान्य.

तळटीप

उबुंटूबद्दल कोणी लिहिलं नाही. आत शिरायला अडचण येणार नाही, लिनक्स बहुतेक वेळा नव्या मशीनवर सहज उठतं. नेटवर्क मात्र जाईल. व्हीएमवेअरमध्ये कार्डाचं नाव ‘ईएनएस३३’ असतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तेच ‘ईएनपी०एस३’ होतं, व्हर्ट-मॅनेजरमध्ये बहुधा ‘ईएनपी१एस०’. कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून हे नाव ठरतं. तुमचा स्थिर आयपी नेटप्लॅनच्या (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) फाइलमध्ये जुन्या नावाखाली लिहिलेला आहे, त्यामुळे तो कोणालाच लागू होणार नाही.

एसएसएचनं आत जाता येणार नाही, म्हणून व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीतूनच लॉगिन करा, नवं नाव बघा, फाइलमध्ये बदला, नेटप्लॅन अप्लाय करा. आणि जायच्या आधी एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) बघा. तिथे डिस्कचा युयुआयडी (तिचा स्वतःचा क्रमांक) असेल तर उत्तम. ‘एसडीए१’ असं काही असेल तर व्हर्टआयओवर तेच ‘व्हीडीए१’ होतं आणि बूट मध्येच थांबतं.

शून्यएक

यापेक्षा नवीन इन्स्टॉल... बरं, नाही म्हणत :)

पेरूचीफोड

माझ्याकडे ॲपलचा एम सिरीजवाला मॅक आहे. त्यात जुनं विंडोज ७ चं मशीन नेता येईल का?

अर्धविराम

@पेरूचीफोड, व्हर्च्युअलायझेशननं नाही. ते मशीन इंटेलच्या सूचनांचं आहे आणि तुमचा प्रोसेसर आर्म. युटीएममध्ये क्यूएमूच्या एम्युलेशननं चालवता येतं, कारण तिथे प्रत्येक सूचना भाषांतर करून चालते. पण ते बरंच सावकाश चालतं. अधूनमधून एखादी फाइल उघडून बघण्यापुरतं ठीक, रोजच्या कामाला नाही.

रानपाखरू

मंडळी, विंडोज १० आणि उबुंटू दोन्ही चालू झाली!

विंडोजसाठी @काळीपांढरी यांची पद्धत वापरली. निळा पडदा आला नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून शेवटच्या नोंदी बघितल्या, सगळ्या आहेत. युईएफआयमध्ये बूटची जुनी नोंद गेली होती, कारण ती व्हीएमवेअरच्या एनव्हीरॅम फाइलमध्ये होती, पण डिस्कवरच्या ठरलेल्या जागेवरून ते आपोआप उठलं. उबुंटूत कार्डाचं नाव अगदी @तळटीप यांनी सांगितलं तेच निघालं.

कन्व्हर्जननंतर एक गोष्ट केली ती इथे सांगते. क्यूएमू-आयएमजीमध्ये ‘कम्पेअर’ आहे. जुनी व्हीएमडीके आणि नवी क्यूकाऊ२ दोन्ही दिल्या की आतला मजकूर ताडून बघतं. मशीन पहिल्यांदा चालू करायच्या आधी हे करायचं, कारण चालू केलं की नवी डिस्क बदलते. ‘दोन्ही एकसारख्या’ असं उत्तर आलं आणि जीव भांड्यात पडला.

आता एक्सपी. त्याची डिस्क आयडीईवर आहे, बायॉस, एकच प्रोसेसर. व्हर्ट-मॅनेजर मला चिपसेट म्हणून क्यू३५ देतोय.

जुनीवही

@रानपाखरू, क्यू३५ नको. त्यात आयडीई नाही, साटा आहे, आणि एक्सपीकडे साटाचा ड्रायव्हर मुळातच नाही. चिपसेट आय४४०एफएक्स निवडा आणि डिस्क आयडीईवर ठेवा. नेटवर्क कार्ड आरटीएल८१३९ घ्या, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीपासून आहे. प्रोसेसर एकच ठेवा. एक्सपीनं इन्स्टॉल होताना एका प्रोसेसरचा एचएएल (हार्डवेअरशी बोलणारा विंडोजचा थर) बसवलेला असतो, जास्त देऊन फायदा नाही.

व्हीएमएक्समधला युयुआयडी आणि मॅक ॲड्रेस नव्या मशीनच्या एक्सएमएलमध्ये जसाच्या तसा लिहा. व्हीएमवेअरचा मॅक ००:०सी:२९ नं सुरू होतो, क्यूएमू स्वतःहून देतो तो ५२:५४:०० नं. यंत्राचा प्रोग्रॅम यातलं काही बघत असेल तर त्याला फरक कळायला नको. फक्त मग जुनं आणि नवं मशीन एकाच वेळी नेटवर्कवर चालू करू नका.

खरं तर एक्सपीला नेटवर्क द्यायचंच कशाला, हाही प्रश्न आहे. ८ एप्रिल २०१४ नंतर त्याचा आधार संपलाय. यंत्राला लागत नसेल तर कार्ड जोडा पण लिंक बंद ठेवा.

रानपाखरू

उठलं! आय४४०एफएक्स, आयडीई, सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे. एक्सपीनं नवीन हार्डवेअर सापडल्याच्या खिडक्यांची रांग लावली, पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगितलं, ते फोनवरून केलं. प्रोग्रॅम उघडतोय. यंत्र सिरियल पोर्टवर आहे, तो पोर्ट अजून आत द्यायचाय.

तळटीप

अभिनंदन! व्हर्ट-मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर जोडा’, मग ‘सिरियल’, प्रकार ‘होस्टचं डिव्हाइस’. खरा पोर्ट असेल तर वाट टीटीवायएस०, यूएसबीचा अडॅप्टर असेल तर टीटीवाययूएसबी०. परवानगी नाकारली तर तो पोर्ट ‘डायलआउट’ गटाकडे आहे का ते बघा आणि क्यूएमू ज्या वापरकर्त्याखाली चालतं त्याला त्या गटात घाला. आत एक्सपीला तो कॉम१ दिसेल. प्रोग्रॅममध्ये आधी कॉम२ लिहिलेलं असेल तर तिथे बदलायचं, नाहीतर एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा क्रमांक कॉम२ करा.

रानपाखरू

यूएसबीचाच अडॅप्टर आहे आणि प्रोग्रॅममध्ये कॉम२ आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बदललं. यंत्रानं वाचन पाठवलं.

जुनीवही

वा! आता त्या क्यूकाऊ२ ची आणि एक्सएमएलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’नं एक्सएमएल काढता येतं. आणि मूळ व्हीएमवेअरचं फोल्डर इतक्यात डिलीट करू नका, निदान हिशेबाचं वर्ष बंद होईपर्यंत.